माणसं खिडक्या लावत नाहीत

प्रयोगशाळेचा आराखडा तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा प्रा. हेमांगी फालक पडद्याकडे बघून चक्क हसली. पहिल्या खेपेला ती चिडली होती. दुसऱ्या खेपेला मुकाट्याने सगळी गणितं पुन्हा तपासली होती. आता शेरा पुन्हा शब्दशः तोच आला होता: 'इमारतीचा गारवा वापरकर्त्यांनी खिडक्या वेळेवर उघडण्यावर आणि लावण्यावर अवलंबून आहे. वापरकर्ते खिडक्या लावत नाहीत. आराखडा अमान्य.'

"म्हणजे आपण सगळे बिनडोक," मागे उभी असलेली रेश्मा तडवी म्हणाली. रेश्मा शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, आणि आराखडा करणाऱ्या मुलांमधली सगळ्यात तिखट जिभेची.

"बिनडोक नाही गं, आळशी," हेमांगी म्हणाली. "यंत्र सभ्य आहे, तोंडावर बोलत नाही एवढंच."

या यंत्राचं नाव 'अनुमान'. गेली काही वर्षं राज्यातली कुठलीही सार्वजनिक इमारत याच्या मंजुरीशिवाय उभी राहू शकत नव्हती. पूर्वीचे हिशेब भिंत, ऊन आणि वारा यांच्यापुरते असत. अनुमानने त्यात माणसं घातली. इमारत बांधण्याआधीच ते तिची हुबेहूब प्रतिकृती आपल्या पोटात उभी करायचं, तिच्यात माणसं सोडायचं आणि पुढची तीस वर्षं झरझर चालवून बघायचं. माणूस दिवे कधी विसरतो, नळ कधी टपकत ठेवतो, कुठल्या कोपऱ्यात गर्दी करतो, सगळं त्याला ठाऊक. खरं सांगायचं तर बहुतेक बाबतीत ते अचूक होतं, आणि तीच पंचाईत होती. खिडक्यांच्या बाबतीत त्याने माणसाला शून्य गुण दिले होते आणि त्यावर कुणी वाद घालत नव्हतं. त्यामुळे शाळा असो की दवाखाना, मंजूर व्हायची ती एकच तऱ्हा: चारी बाजूंनी न उघडणारी काच आणि आत वातानुकूलन. वीज असेपर्यंत झकास.

तापीकाठच्या या विद्यापीठात मे महिन्यात वीज असतेच असं नाही. गेल्या वर्षी पारा सत्तेचाळीसवर गेला आणि सगळ्या खानदेशची वीज एकदम गेली. तेव्हा जुन्या काचेच्या प्रयोगशाळेत परीक्षा चालू होती. रसायनांचे वायू बाहेर ओढणारे पंखे थांबले, आतली हवा जड झाली, तासाभरात दोन पोरं बेशुद्ध पडली. दार पोरांनी उघडलं, पण समोरासमोर खिडकी नाही म्हटल्यावर वारा येणार कुठून? शेवटी रेश्माने लोखंडी पाना उचलला आणि एक काच फोडली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. विद्यापीठाने चौकशी केली आणि शिस्तभंगाची नोटीस कुणाला दिली? रेश्माला, काच फोडल्याबद्दल.

त्या दिवशी हेमांगीने ठरवलं की नवी प्रयोगशाळा बांधायची तर माणसाच्या हाताने उघडतील अशा खिडक्यांची. नाहीतर तिच्या सहीने ती बांधली जाणार नाही.

आराखडा तसा साधा होता. प्रयोगशाळा ही साध्या इमारतीच्या चारपट वीज खाते, कारण विषारी वायूंबरोबर गार केलेली हवाही ती सतत बाहेर फेकत असते. हेमांगीने अशी सगळी कामं उत्तरेच्या एका अरुंद पट्टीत कोंडली आणि तेवढ्यालाच स्वतंत्र पंखे आणि छपरावरची सौर वीज दिली. बाकीच्या इमारतीला जाड भिंती, राखेच्या आणि चुन्याच्या विटांच्या. त्या विटांच्या पोटात एक क्षार भरलेला. बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि वितळून संपेपर्यंत स्वतः तापत नाही. हा क्षारही तसाच, फक्त तो तीस अंशांच्या आसपास वितळतो. दिवसभर तो वितळत राहतो आणि खोलीची उष्णता पीत राहतो. रात्री खिडक्या उघडल्या, पहाटेचा वारा आत आला, की तो पुन्हा गोठतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला तयार. अट एकच. संध्याकाळी खिडक्या उघडायच्या, उजाडल्यावर लावायच्या. त्या कामाला मोटारी लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. हेमांगीचं उत्तर ठरलेलं होतं, की ज्या दिवशी खिडकीची खरी गरज पडते त्याच दिवशी वीज नसते.

कुणाचा विश्वास बसेना म्हणून पोरांनी कर्मशाळेच्या मागे एक नमुना खोली बांधली, एकच, पण पूर्ण आकाराची. खिडक्यांच्या पाळ्या लावून घेतल्या. बाहेर सेहेचाळीस असताना आत बत्तीसच्या वर काटा गेला नाही. हेमांगीने ते आकडे अनुमानकडे धाडले. उत्तर आलं, 'आपल्यावर लक्ष आहे हे वापरकर्त्यांना माहीत होते. वर्तन अपवादात्मक. ग्राह्य नाही.'

"चांगलं वागलो तरी पकडलं," रेश्मा म्हणाली.

कुलगुरू डॉ. गर्जे यांनी मग हेमांगीला बोलावून घेतलं. ते वाईट नव्हते, घाईत होते. काचेच्या इमारतीचा एक तयार आराखडा त्यांच्या टेबलावर आला होता, अनुमानने एका दमात पास केलेला. "फालक मॅडम, नाशिकला मंजुरी मंडळापुढे सुनावणी आहे, तीच शेवटची. तिथे तुमचा आराखडा बसला तर आनंद आहे. नाही बसला तर यावर सही करा. मला इमारत हवी आहे, तत्त्वज्ञान नको."

"सर, त्या इमारतीत पोरं गुदमरली तर?"

"जनित्र ठेवू."

"गेल्या वर्षीही होतं की. तेच आधी तापून बंद पडलं."

गर्जे यांनी हात जोडले आणि दुसऱ्या फायलीकडे वळले.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी हेमांगी नाशिकला डॉ. विद्याधर कानिटकरांच्या घरी उतरली. हे तिचे गुरू, आणि अनुमानचे जनकही. पदवीनंतर वडिलांनी तिचं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं तेव्हा हा माणूस एस.टी.ने रावेरला आला होता, ओटीवर बसून वडिलांशी तीन तास भांडला होता आणि तिला घेऊनच परतला होता. त्यांच्यासमोर तिने आजवर कधी आवाज चढवला नव्हता.

काकूंनी आमरसाचा बेत केला होता. सर खुशीत होते. त्र्याहत्तरी गाठली तरी जेवताना गप्पांना ऊत यायचाच.

"तू अनुमानवर चिडलीस म्हणे," ते म्हणाले. "त्याला खिडक्यांची अक्कल कुठून आली माहीत आहे? तुमच्याच वसतिगृहातून. तू पहिल्या वर्षाला होतीस बघ, आम्ही खिडक्यांना पांढरे डबे चिकटवले होते."

"आठवतात. आम्हाला वाटायचं, आमचं बोलणं ऐकतात."

"बोलणं कुठलं. चुंबक होतं आत. खिडकी उघडी की बंद, एवढंच सांगायचं ते. परीक्षेचे दिवस, मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आणि भर दुपारी तुम्हा पोरींच्या खिडक्या सताड उघड्या. एक दिवस नाही, रोज. कोवळ्या अभियंत्यांची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय? तेव्हाच म्हटलं, माणसावर भिस्त ठेवायची नाही." त्यांनी वाटी पुढे केली. "आणि दमटपणा मोजायलाही डबे ठेवले होते, ते सगळे बिघडलेले निघाले. खानदेशातला मे महिना आणि दुपारी साठ टक्के दमटपणा दाखवतायत. तुमच्या वसतिगृहाची रत्नागिरी करून टाकली होती. फेकून दिले ते आकडे."

काकू हसल्या. हेमांगीची पुरी वाटीत तशीच राहिली.

"सर, ते डबे बिघडले नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आम्ही खिडकीत ओली चादर टांगायचो. बादलीत बुडवायची, पिळायची आणि गजांना बांधायची. सगळ्या खोल्यांत. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय वारा चादरीतून येणार कसा?"

सरांनी वाटी खाली ठेवली.

"आमच्या रेक्टर पाटणकरबाईंनी मनाई केली होती," ती सांगत गेली. "पाणी टँकरचं, आणि गज गंजायचे म्हणून. बाईंच्या चपला जिन्यात वाजल्या की चादरी खाटेखाली. तुमची माणसं यायची ती बाईंबरोबर, फेरीच्या वेळेला. त्यांना दिसायच्या नुसत्या उघड्या खिडक्या."

यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं आणि कानिटकर तर समजायला एक क्षणही न घेणारा माणूस. पाण्याची वाफ होते ती आजूबाजूची उष्णता घेऊन. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त आणि गारवाही जास्त. पंचेचाळीस अंशांचं खानदेशातलं वारं ओल्या कापडातून आलं की तिशीच्या आसपास उतरतं. खोलीत गारवा येतो आणि दमटपणा साठ टक्क्यांवर जातो. डब्यांनी खरं तेच सांगितलं होतं. पोरी मूर्ख नव्हत्या, त्या खोल्या गार करत होत्या. आणि त्या उघड्या खिडक्यांच्या पायावर राज्यभरातल्या हजारो इमारतींच्या खिडक्या बुजवल्या गेल्या होत्या.

"तेव्हा मला का नाही सांगितलंस?" सर म्हणाले.

"तुम्ही आम्हाला विचारलंच नाहीत, सर. खिडक्यांना विचारलंत."

काकूंनी ताटं उचलली. सर बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी तिला हाक मारली.

"उद्या तुझा आराखडा मंजूर होतोय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "विशेष बाब म्हणून. मी अध्यक्षांशी आठवड्यापूर्वीच बोलून ठेवलंय. तुला हव्या तशा खिडक्या मिळतील. फक्त हे चादरीचं उद्या काढू नकोस."

"सर…"

"ऐकून घे. माझ्या नावाचं सोड. अनुमान येण्याआधी बांधकामात काय धुमाकूळ चालायचा ते तू पाहिलंयस. एका जागी ते चुकलं असं कळलं की ते लोक सगळंच यंत्र मोडीत काढतील. मी सावकाश दुरुस्त करीन ते. आतल्या आत."

"किती सावकाश?"

सरांनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. हेमांगीला त्यांची कीव आली, आणि आपल्याला कीव येतेय याचा रागही आला. ज्या माणसाने आपल्या बापाशी भांडून आपल्याला शिकवलं तो आज आपल्याकडे गप्प बसण्याची भीक मागतोय, हे तिला बघवेना. झोप येणार नाही, निदान पाठ टेकू, म्हणून ती आत गेली.

सकाळी मंडळाच्या दालनात अध्यक्ष रोहिणी शेजवळ होत्या, शेजारी सल्लागार म्हणून कानिटकर, समोर गर्जे आणि हेमांगी. रेश्मा मागच्या रांगेत. भिंतीवरच्या पडद्यावर अनुमान.

शेजवळबाईंनी वेळ घालवला नाही. "तापीकाठ प्रयोगशाळेचा आराखडा अनुमानने अमान्य केला आहे. तथापि, डॉ. कानिटकरांच्या शिफारशीवरून तो विशेष बाब म्हणून मंजूर करण्यात येत आहे. फालक मॅडम, इथे सही करा."

गर्जे यांचा चेहरा उजळला. "करा, करा," ते हळूच म्हणाले.

हेमांगीने पेन घेतलं आणि तसंच टेबलावर ठेवलं. "सही करण्याआधी अनुमानला एक प्रश्न विचारायचाय."

"आता कशाला?" गर्जे कुजबुजले.

"विचारा," शेजवळबाई म्हणाल्या.

"अनुमान, वापरकर्ते खिडक्या लावत नाहीत हे तुला कशावरून माहीत?"

"मूळ माहितीसंच एक," पडद्यातून शांत आवाज आला. "खानदेश, मुलींचे वसतिगृह, मे महिना. भर दुपारी बहुतांश खिडक्या उघड्या."

"खिडकी उघडी होती तेव्हा मुली काय करत होत्या?"

"ही माहिती उपलब्ध नाही."

"खोलीत गरम होत होतं की गार?"

"ही माहिती उपलब्ध नाही."

"मी देते," हेमांगी म्हणाली. "कारण त्यातली एक खिडकी माझी होती." आणि तिने चादर, बादली, पाटणकरबाई, साठ टक्के दमटपणा, सगळं सांगून टाकलं. सरांकडे न बघता सांगितलं, कारण बघितलं असतं तर सांगता आलं नसतं.

"यावर फेरतपासणी लागली तर तुमची इमारतही अडकणार नाही का?" शेजवळबाईंनी विचारलं. "तुम्हाला तर मंजुरी मिळालीच आहे."

"विशेष बाब म्हणून मिळाली आहे, मॅडम. म्हणजे आमची पोरं तेवढी शहाणी आणि बाकीचं सगळं राज्य मूर्ख. मला अशी मंजुरी नको. माझी इमारत वाचली आणि हे असंच चालू राहिलं, तर उद्याची प्रत्येक शाळा काचेचीच होईल. तिथे काच फोडायला प्रत्येक वेळी कुणी रेश्मा असेलच असं नाही."

मागच्या रांगेत रेश्माने मान खाली घातली.

शेजवळबाई कानिटकरांकडे वळल्या. "डॉक्टर, हे खरं आहे?"

कानिटकर काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. "मला ते आकडे पुन्हा बघावे लागतील," एवढंच ते म्हणाले, उठले आणि हेमांगीकडे न बघता दालनाबाहेर गेले.

निकाल पंधरा मिनिटांत लागला. फेरतपासणी होईपर्यंत विशेष मंजुरी स्थगित. बाहेर आल्यावर गर्जे भयंकर संतापले होते. "घास तोंडाशी आला होता, मॅडम. तोंडाशी. तुम्ही लाथाडलात. आजपासून इमारत समितीत तुम्ही नाही. आणि ती नमुना खोलीही बंद."

"ती पोरांनी बांधलीय, सर."

"विद्यापीठाच्या जागेत बांधलीय."

परतीच्या गाडीत रेश्मा तिच्या शेजारी होती. मनमाड गेल्यावर तिने विचारलं, "मॅडम, पश्चात्ताप होतोय?"

"सरांचं वाईट वाटतंय," हेमांगी म्हणाली. "बाकी काही नाही."

पुढचे आठ-दहा दिवस तिने सरांना फोन लावून पाहिला. काकू उचलायच्या आणि म्हणायच्या, ते कामात आहेत. विभागातले लोक तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायला लागले. तेवढ्यावरून आपलं काय होणार हे तिला कळत होतं. काचेच्या इमारतीचा आराखडा दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने पुढे गेला होता.

मग एका सकाळी ती वर्गावर जात असताना पोरं धावत आली. तिचा वर्ग भरायचा त्या नमुना खोलीच्या दाराला कुलूप लागलं होतं आणि कुलगुरूंचा कागद चिकटवला होता: 'प्रवेश निषिद्ध.' पहारेकरी बाजूला खुर्ची टाकून बसला होता.

हेमांगी तिथे गेली. कुलूप भक्कम होतं. गर्जे यांच्या माहितीतल्या इमारतींचं एक दार लावलं की इमारत बंद होते. या खोलीला मात्र खिडक्या होत्या, आणि त्या रात्रीच्या पाळीने उघडल्या तशाच सताड उघड्या होत्या. बसलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जावा म्हणून तिने त्यांची खालची कड मुद्दाम जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवली होती.

तिने पर्स रेश्माच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि खिडकीत पाय टाकला.

"मॅडम, असं नका करू," पहारेकरी उठून म्हणाला. "साहेब मला विचारतील."

"त्यांना सांगा, दाराला हात लावला नाही."

ती आत उतरली. खोली अजून पहाटेसारखी गार होती. फळ्यावर मागच्या वेळचं अर्धवट गणित तसंच होतं. एकेक करत पोरं खिडकीतून आत आली, कुणी दप्तर आधी टाकून, कुणी हसत, कुणी घाबरत. सगळी आल्यावर त्यांनी कुणी न सांगता उन्हाकडच्या खिडक्या लावून घेतल्या. एक तेवढी उघडी राहिली, मागून येणाऱ्यांसाठी.

पहारेकऱ्याने फोन लावला. हेमांगीने शिकवायला सुरुवात केली. आज आपल्याला घरी पाठवतील हे तिला माहीत होतं, म्हणून आवाज जरा जास्तच मोठा लागला.

तास निम्मा झाला असेल. खिडकीत सावली पडली. गर्जे आले असं समजून पोरं गप्प झाली. पण बाहेर टोपी घातलेले, घामाने निथळलेले कानिटकर सर उभे होते. गाडीतून उतरून थेट इकडेच आले होते.

हेमांगी खडू ठेवून खिडकीशी आली.

"फेकलेले आकडे परत घातले," सर खिडकीबाहेरूनच म्हणाले. "दमटपणाचे. आठ दिवस चालवतोय."

"अनुमान काय म्हणतं?"

"त्याचं सोड. मी काय म्हणतो ते विचार." त्यांनी टोपी काढली. "मी काल मंडळाला कळवलंय, की हे यंत्र मागे घ्या. दुरुस्ती नाही, मागे घ्या. माझी चूक आहे, माझ्या नावाने जाहीर करा. आता वर्षभर तरी कुणालाच परवाना मिळणार नाही. तुलाही नाही, आणि तुमच्या काचेवाल्यांनाही नाही."

"नाही मिळाला तरी चालेल, सर," हेमांगी म्हणाली.

पहारेकरी मध्ये आला. "आजोबा, आत जायला मनाई आहे. वरून हुकूम आहे."

"मग येऊ दे वरच्यांना," कानिटकर म्हणाले. "मला यांना काहीतरी विचारायचंय. पंचवीस वर्षं राहून गेलंय."

त्यांनी आधी काठी आत दिली, मग रेश्माच्या हातात हात दिला आणि खिडकीत पाय टाकला.